मंदाची नोंद

एप्रिल १९९९मधली ही हकिकत मी शक्य तितकी जशीच्या तशी सांगते. इतिहासात एम.ए. होऊन मला वर्ष झालं होतं. खानदेशातून सुरतेत आलेल्या आमच्या कुळाची वंशावळ इंटरनेटवर मांडण्याचं काम थोरल्यांनी माझ्याकडे सोपवलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. त्या दिवशी छापील प्रत घागरीपाशी ठेवायची होती. गोडादरा, कामरेज, पलसाणा, तिन्ही घरांना मी एकेक पासवर्ड दिला. चूक तिथेच झाली.

पलसाण्याचे सुकदेवकाका रागावले की स्वतःची अख्खी फांदी पुसून टाकत. कामरेजचा माझा चुलतभाऊ ललित त्यांच्या आजोबांच्या नावापुढे ‘पळपुटा’ असं लिहून मोकळा होई. रोज दुपारी लिंबायतच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून मी दोघांचं निस्तरत असे. बाहेर लूमची खडखड, आत वंगणाचा आणि कोऱ्या कापडाचा वास.

त्यातच पणजोबा आनंदा यांच्या चार मुलांशेजारी पाचवी चौकट उगवली. मंदा. जन्म १९२७. मृत्यूची जागा मोकळी. ‘माहिती देणारा’ या रकान्यात हयात माणसाचं नाव हवंच, असा माझा नियम होता. तो रकानाही मोकळा. मी नोंद पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. सात वेळा पुसली, सात वेळा आली.

ललितशिवाय हे कोण करणार? मी त्याचा पासवर्ड बंद केला आणि तसं सर्वांना कळवलं. त्याचा फोन आला.

“तेजू, माझ्या प्रत्येक नोंदीला तू पुरावा मागतेस. माझं नाव घेतलंस, त्याचा पुरावा कुठंय?”

माझ्याकडे तो नव्हता. त्याच्या वडिलांनी आखाजीला येणार नसल्याचा निरोप धाडला. वंशावळीपायी घर फुटलं, असं आई एकदाच म्हणाली.

मग मी मंदाला पुन्हा पुसलं, बाकीचे पासवर्डही बंद केले आणि फक्त माझा ठेवला, तोही बदलून. त्या गुरुवारी वीज बंद होती. लूम थांबलेले, क्लासचा फोनही मुका, म्हणजे इंटरनेटही बंद. इतकी शांतता मी लिंबायतमध्ये कधी ऐकली नव्हती. चार वाजता वीज आली. मंदा जागेवर होती. नोंदीची वेळ दुपारी दोनची, पासवर्ड माझा. माहिती देणारा: इंदुबाई.

इंदुबाई म्हणजे आजोबांची बहीण, वय ऐंशी, अक्षरओळख नाही. मी तशीच गोडादऱ्याला गेले. ती तांदूळ निवडत होती. मी नाव उच्चारलं आणि तिचे हात थांबले.

“हाई नाव तुले कोनी सांगं वो माय?” ती अगदी हळू म्हणाली. “मी तं कोनले सांगेल नही...”

मंदा म्हणजे बारशाआधी, अकराव्या दिवशी गेलेली तिची बहीण. नाव ठेवलेलं नसलं की मूल कुळात धरत नसत. पण माती लोटण्याआधी इंदुआजीच्या आत्यानं खड्ड्यात वाकून त्या मुलीच्या कानात नाव सांगितलं होतं. आत्याही पुढे गेली. ते ऐकणारी आता एकटी इंदुआजी उरली होती.

मी नोंद कायम केली. ललितची माफी मागितली. “पुरावा सापडला वाटतं,” एवढंच तो बोलला. पण आखाजीला वडिलांना घेऊन आला आणि सुकदेवकाकांच्या शेजारी बसला.

घागरीपाशी कागद उलगडला. आईचं बोट एका जागी अडलं. तिच्या आणि बाबांच्या नावाखाली, माझ्या आधी, एक चौकट होती. ती मी घातलेली नव्हती; माझ्याआधी आईला मूल झालं होतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नाव रिकामं. माहिती देणारी: मंदा.

आई कोणाकडेच पाहत नव्हती. ती वाकली, कागदाला ओठ जवळजवळ टेकवले आणि काहीतरी पुटपुटली... मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये वंशावळ उघडली. त्या चौकटीत नाव आलेलं होतं. ते मी आईला अजून वाचून दाखवलेलं नाही.