तात्याराव, उजवा कान

गुरुवारी दुपारी तनुजाने कसब्यातलं आपलं दुकान बंद केलं, सॅकमध्ये पेचकस, ब्रश आणि एक जुना स्पीकर टाकला आणि स्कूटर कोथरूडच्या दिशेने काढली. काम अगदीच किरकोळ होतं. शालन भिंताडे नावाच्या बाईंच्या लॅपटॉपचा आवाज गेला होता. असली कामं ती आठवड्याला दहा तरी करायची, आणि त्यातली निम्मी नुसतं आवाजाचं बटण दाबून सुटायची.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते सत्तरीच्या एका ताठ बाईंनी.

"तीनला येते म्हणालीस, सव्वातीन झाले," त्या म्हणाल्या. "म्हणजे वेळेवरच आलीस म्हणायचं. ये."

तनुजाला हसू आलं. काकू तिला पहिल्या वाक्यातच आवडल्या.

हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्याभोवती जुन्या कागदांचे गठ्ठे. काकू मोडी लिपी शिकवायच्या, घरबसल्या, ऑनलाइन. त्यांचे यजमान तात्याराव भूमी अभिलेख खात्यात होते. त्यांच्यापाशी बसूनच काकू जुनी खरेदीखतं वाचायला शिकल्या होत्या. तात्याराव दोन वर्षांपूर्वी गेले, घर खायला उठलं, आणि मग काकूंनी एका संस्थेचा हा वर्ग घेतला. चौदा विद्यार्थी, रोज संध्याकाळी पाच वाजता.

"आठवडा झाला, वर्ग सुरू झाला की आवाज बंद," काकू म्हणाल्या. "मुलं तोंडं हलवतात, मी तोंड हलवते. मत्स्यालय झालंय नुसतं. संस्थेने काल कळवलं, आजचा वर्ग नीट झाला नाही तर तुकडी दुसऱ्या बाईंना देणार." त्या हसल्या, पण त्यांचा हात टेबलक्लॉथवरची नसलेली सुरकुती पुन्हापुन्हा सरळ करत होता.

"पाचच्या आत लावून देते काकू."

तनुजाने लॅपटॉप सुरू केला. सुरुवातीची धून छान खणखणीत वाजली. तिने एक गाणं लावलं. अर्धा मिनिट वाजलं आणि थांबलं. पडद्यावर ते चालूच होतं, फक्त ऐकू येईना. तनुजाला ते थांबणं विचित्र वाटलं. बिघडलेला स्पीकर आधी खरखरतो, चिरकतो. हा आवाज मात्र कुणीतरी ओंजळीत उचलून न्यावा तसा अलगद गेला होता.

तिने हेडफोनची पिन लावून काढली, भोकातली धूळ उडवली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. आपला स्पीकर जोडून पाहिला. तीनदा लॅपटॉप बंद-चालू केला. तिन्ही वेळा तेच. अर्धा मिनिट गाणं, मग शांतता.

पावणेचारला दिवे गेले.

"गुरुवार, दुरुस्तीचा वार ना," काकू म्हणाल्या. "पाचच्या आत येतात."

पंखा हळूहळू थांबला. खालच्या रस्त्यावरचा भाजीवालाही नेमका गप्प झाला. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे हॉलमध्ये भरदुपारी संध्याकाळ उतरल्यासारखं झालं. उजेड काय तो लॅपटॉपच्या पडद्याचा. त्या उजेडात तनुजाने लॅपटॉपला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. खरं तर ती पहिल्यांदाच उघडायला हवी होती, असं तिला वाटून गेलं.

"काकू, आवाज गेलेलाच नाहीये. लॅपटॉप आवाज सोडतोय. फक्त इथे सोडत नाहीये."

"मग कुठे सोडतोय?"

तनुजाने वाचलं, "'तात्याराव, उजवा कान'. कनेक्टेड."

काकू खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "ते यांचं कानाचं मशीन. दुकानातल्या मुलीने हे नाव टाकून दिलं होतं. टीव्ही, लॅपटॉप, सगळं थेट कानात ऐकू यायचं."

"हात्तिच्या!" तनुजाचा जीव भांड्यात पडला. "मग कुठल्यातरी कपाटात चालू राहिलं असेल. कुठे ठेवलंय? बॅटरी काढून टाकू."

"कपाटात नाही गं ते..."

"मग?"

"वैकुंठात..." काकूंचा आवाज खाली आला. "त्या दिवशी गडबडीत कानातून काढायचंच राहिलं. विद्युतदाहिनीत त्यांच्याबरोबरच गेलं. मला तिसऱ्या दिवशी आठवलं."

तनुजाने मान खाली घातली आणि यादीतून ते नाव काढून टाकलं. गाणं लगेच वाजायला लागलं. तिने मनातल्या मनात आकडे मोजले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. गाणं गेलं. नाव यादीत परत आलं होतं.

तिच्या हातांवर काटा आला. पण ती कसब्यात वाढलेली, भुताखेतांच्या गोष्टींना भर पंगतीत नाकं मुरडणारी मुलगी. शेजारी कुणाचं तरी असंच मशीन असणार, नावाचा काहीतरी घोळ असणार, असं तिने स्वतःला बजावलं. जवळपासची ब्लूटूथची यंत्रं हुडकणारं एक ॲप तिच्या फोनमध्ये होतं. यंत्र जवळ असलं की पाच रेघा भरायच्या, लांब गेलं की एकेक कमी व्हायची. तिने ते लावलं.

दाराशी दोन रेघा. गॅलरीत दोनच. शेजारच्या भिंतीला फोन लावला तर एक. टेबलापाशी, काकूंच्या खुर्चीजवळ, पाच.

"मी चहा टाकते," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

तनुजा टेबलापाशीच उभी होती. हातातला फोन हललाही नव्हता. पाचाच्या चार झाल्या. चाराच्या तीन. मग दोन. आतून आलं ठेचल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने काकू ट्रे घेऊन परत आल्या, आणि त्यांच्या पावलांबरोबर तीन, चार, पाच.

"काकू... तुम्ही जरा पुन्हा आत जाता?"

"का गं?"

"जा ना... आणि मग या."

काकू गेल्या, रेघा गेल्या. काकू आल्या, रेघा आल्या. तनुजाच्या नाकाशी आल्याच्या वासातून दुसराच एक वास आला, तिखट, कोरडा. ती जोरात शिंकली.

"तपकीर," काकू शांतपणे म्हणाल्या. "यांची. मला वाटायचं, मलाच येतो तो वास."

तनुजाने फोन त्यांच्यापुढे धरला आणि रेघांचा प्रकार सांगितला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पदराने पुसला. आता या रडणार, असं वाटत असतानाच त्या खोखो हसायला लागल्या.

"सत्तेचाळीस वर्षं संसार केला! मी बोलायला लागले की हे मशीन बंद करून पेपर वाचायचे. आणि आता आख्खा वर्ग एकट्याने ऐकतायत?" त्या आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. "अहो, कौतुक पुरे झालं. चौदा मुलं खोळंबलीत. पाचला वर्ग आहे माझा. ऐकायचंय तर सगळ्यांबरोबर ऐका, तेवढं आवाजाचं सोडा!"

हॉल गप्प होता. भिंतीवरचं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं. एक मिनिट गेलं असेल. आणि लॅपटॉपमधून ते गाणं अशा काही मोठ्या आवाजात फुटलं की तनुजाच्या कपातला चहा तिच्या ओढणीवर सांडला. पाठोपाठ दिवे आले, पंखा फिरला, खाली भाजीवाला ओरडला, आणि दोघी एकमेकींकडे बघून पोट धरधरून हसत सुटल्या.

वर्ग उत्तम झाला. तनुजा मुद्दाम थांबली. काकू अक्षरांची वळणं अशा काही रंगवून सांगत होत्या की तिलाही वही मागून घ्यावीशी वाटली. चौदा आवाज एकामागून एक 'दिसतंय बाई', 'समजलं बाई' म्हणत होते. शेवटी संस्थेच्या बाईंनी स्वतः पडद्यावर येऊन तुकडी काकूंकडेच राहील असं सांगितलं. फोनवर पूर्ण वेळ पाच रेघा होत्या. आता तनुजाला त्यांची भीती वाटत नव्हती.

ती निघाली तेव्हा साडेसहा झाले होते.

"नाव काढू का यादीतून?" तिने विचारलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "सावकाश उतर. हे तर दर मजल्यावर थांबायचे, गुडघ्यांपायी. तरी आलेल्या माणसाला फाटकापर्यंत सोडायला जायचेच."

फाटकाशी येऊन तनुजाने ॲप बंद करायला फोन काढला. पाच रेघा. वर पाहिलं, तर काकू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हात हलवत होत्या. एवढ्या लांबून एकही रेघ दिसायला नको होती.

तिच्या लक्षात आलं. तिला हसू आलं.

"येते हं काका," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जा वर... काकू एकट्या आहेत."

एक रेघ कमी झाली. मग बराच वेळ काहीच नाही. पहिल्या मजल्याचा कट्टा, तनुजाने मनात म्हटलं. मग आणखी एक गेली. पुन्हा थांबणं. मग तिसरी. फाटकाच्या दिव्याखाली उभी राहून ती मायेने बघत राहिली. शेवटी एकही रेघ उरली नाही. वर काकू मागे कुणीतरी हाक मारल्यासारख्या वळल्या आणि आत गेल्या. तनुजाने समाधानाने स्कूटरला किल्ली लावली.

फोन सॅकमध्ये टाकता टाकता तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली.

एक रेघ भरली होती. मग दुसरी. लगेच तिसरी. मध्ये कुठेही थांबणं नव्हतं. जिन्यावरून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरावं तशा त्या भरत होत्या.

"काका...?" ती म्हणाली.

जिन्याच्या तोंडाशी कुणीही नव्हतं. चौथी रेघ भरली, आणि पडद्यावर एक चौकोन उघडला: 'नवीन उपकरण जोडू इच्छिते'. नावाची जागा कोरी होती.