सरकीच्या भुयारातली हाक

ही घटना खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने इथंच थांबावं, मागाहून उगाच दात काढू नयेत.

१९९७ सालचा एप्रिल. सिरसाळ्याच्या बाहेरची बंद पडलेली कापसाची जिनिंग. आणि वेळ भर दुपारची. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी ती जिनिंग पाहिलेली नाही.

शहादेव तिथं चार वर्षांनी पाय ठेवत होता. आधी तो तिथला फिटर. आता गावात एस.टी.डी. बूथ चालवायचा. कुठली मशीन कुठं आहे ते दाखवायला भंगारवाल्या बंकटने त्याला आणलं होतं.

मशिनी गेल्या खड्ड्यात! शहादेवला भुयार बघायचं होतं.

जिनच्या मशीनखाली भुयार असतं. कापसातून निघालेली सरकी त्यात पडते, आणि एक माणूस खाली उतरून ती पुढं ओढतो. तो माणूस होता शहादेवचा थोरला भाऊ, रामहरी. छताला तडा गेलाय, हे त्याने मालकाला किती वेळा सांगितलं. मालक म्हणाला, "सीझन संपू दे."

सीझन संपायच्या आधीच छत खाली आलं. रामहरी आत होता.

मालकाने खणलं? नाव नको! दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी लावून भुयाराचं तोंड विटांनी बुजवलं. पोलिसांना सांगितलं, रामहरी टोळीबरोबर ऊसतोडीला पळाला. साक्षीदारही उभे केले. मग जिनिंगला टाळं ठोकून स्वतः मुंबईला पसार. हरामखोर!

गावाला तेवढंच हवं होतं. "ठेवली असंल तिकडं एखादी," लोक म्हणायचे. रामहरीची बायको सुरेखा चार वर्षं हे ऐकत कुंकू लावत होती. नवरा मेला की टाकून गेला, हेसुद्धा तिला धड कळत नव्हतं.

"भाऊजी, मला त्येंचं एक हाड आनून द्या," ती त्या सकाळी म्हणाली होती. "मग बघते एकेकाकडं."

बंकटची पहार खांद्यावर टाकून शहादेव पायऱ्या उतरला. मागून बंकट.

वर वाऱ्याने पत्रे वाजत होते...

खाली पोहोचले आणि पत्रे वाजायचे थांबले.

कबुतरंही गप्प झाली.

"चल बे वर," बंकट म्हणाला. "मला न्हाई बरं वाटत हितं."

"गप बे."

समोर विटांची भिंत. शहादेवने मालकाच्या नावाने एक शिवी हासडली आणि भिंतीला लाथ घातली.

आणि मग...

"शाद्या..."

भिंतीच्या मागून. बारीक, कोरडा आवाज.

शहादेवला शाद्या म्हणणारा जगात एकच माणूस होता.

बंकटने त्याचा दंड गच्च धरला. "ओ देऊ नगंस! भूत तिसरी हाक मारत न्हाई. तिसरीपतुर थांब."

हे काय शहादेवला शिकवायला हवं होतं? आईने दोघा भावांकडून लहानपणीच घोकून घेतलं होतं. अंधारातून हाक आली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही.

"शाद्या..."

दुसरी.

शहादेवने विटांना कान लावला.

या दोन हाका त्याने आधी ऐकल्या होत्या. चार वर्षांपूर्वी भिंत चढत होती, त्या सकाळी. गवंड्याच्या थापीच्या आवाजात बाकी कोणाला ऐकू गेल्या नाहीत. शहादेव मात्र जिवाचा कान करून तिसरीची वाट बघत उभा राहिला. ती आलीच नाही. म्हणजे दादा मेला, आता त्याचं भूत हाक मारतंय, असं त्याने धरलं. ओ दिली नाही. शेवटची वीट बसेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही, आणि नंतरही कोणाला सांगितलं नाही.

दोघं थांबले.

बराच वेळ...

"शाद्या."

तिसरी!

बंकट बोंबलत वर पळाला. शहादेव "ओ! ओ दादा!" ओरडत पहार घेऊन भिंतीवर तुटून पडला.

विटा ढासळल्या. छत कोसळलं होतं ते दहा पावलं पलीकडं. मधली जागा मोकळी होती.

सांगाडा ढिगाऱ्याखाली नव्हताच.

तो भिंतीला टेकून बसला होता.

भिंत बांधली तेव्हा रामहरी जिवंत होता. तिसऱ्या हाकेला भाऊ ओ देईल, हे त्यालाही ठाऊक होतं. तेवढी एक हाक मारायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. गावाची थोबाडं एकदाची बंद झाली. शहादेवने सांगितलेलं सगळं सुरेखाने ऐकून घेतलं. रडली नाही.

"तवा बी ऐकलं व्हतं तुमी?"

"व्हय."

"आन ओ दिली न्हाई?"

"वहिनी, मला वाटलं... भूत हाय."

"भूत!" ती जमिनीवर थुंकली. "आवो, मालक तर कसाईच व्हता. तुमी तर पाठचे भाऊ व्हतात!"

आता शहादेवने साठी ओलांडली आहे. दीर-भावजय एकाच घरात राहतात. ती भाकरी वाढते, पण जेवायचं बोलावणं येतं ते शेजाऱ्याच्या पोराकडून. स्वतः त्याला हाक मारत नाही.

आणि दुपारी, घरात सगळं सामसूम असताना, शहादेव मध्येच दचकून उठतो.

"ओ! वहिनी, हाक मारली का?"

"मी न्हाई मारली," ती आतून म्हणते.

तो दाराकडे बघत राहतो. आणि पुन्हा म्हणतो, "ओ."