खांबाला बांधलेली साडी

बसा. पंखा तुमच्याकडं करते. लाईट आहे तोवर वारा घ्या.

त्या दिवशी मी शिवलेले टॉवेल कारखान्यात द्यायला निघाले होते. मे महिन्यातली दुपार. आमच्या सोलापुरात त्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नवरा, श्रीशैल, मागावर पाळीला गेलेला. घरात माझी पाच वर्षांची श्रावणी आणि सासूबाई ईरम्मा. त्यांना मी आमच्या तेलुगू रीतीनं अत्तम्मा म्हणायची, श्रावणी नानम्मा म्हणायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही हातांतला जोर गेला, आणि मग अंथरूणच धरलं. त्यांना पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, मग शिलाई मशीनवर बसायचं. खरं सांगू? घाबरायलासुद्धा माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

अत्तम्मा मूळच्या आंध्राच्या किनाऱ्यावरच्या. कृष्णा समुद्राला मिळते त्या सपाट मुलखातल्या. लहानपणी तिथं मोठं चक्रीवादळ झालं. रात्रीत समुद्र ताडाएवढा उठला आणि गावंच्या गावं घेऊन गेला. त्यांच्या आईनं अंगावरची साडी सोडली, पोरीला ताडाच्या झाडाला घट्ट बांधलं. स्वतःला बांधायला दुसरं कापड नव्हतं. सकाळी झाडावर पोर होती, आई कुठंच नव्हती. पुढं मामानं तिला इथं मागावर कामाला आणलं. समुद्रापासून इतकं लांब, की पावसाचीही वाट बघावी लागते.

"तुमच्या भीमेचं पाणी कृष्णेतनं आमच्याच गावाला जातंय की," त्या मला म्हणायच्या. "वाट एकच हाय."

मी हूं म्हणून भांडी घासायची.

त्या उन्हाळ्यात त्यांचं अंथरूण सकाळी ओलं लागायला लागलं. मला वाटलं, आता हेही आलं नशिबी. पण वास तो नव्हता. मासळी बाजाराचा, चिखलाचा, कुजक्या पानांचा होता. नळाला पाणी पाचव्या दिवशी, चादर रोज कुठनं धुवायची? तशीच उन्हात टाकायची. वाळली की कडक व्हायची, झटकली की पांढरी भुकटी उडायची.

निघताना अत्तम्मांनी मला हाक मारली.

"महेश्वरी... आज जाऊ नको."

"लगेच येते, अत्तम्मा."

"वारा पडलाय बघ. असाच पडला होता..."

वारा रोजच पडलेला असतो. श्रावणी बाहुलीशी खेळत होती. मी बाहेरून कडी लावली आणि गेले.

कारखान्यात थोडं थांबावं लागलं. परत गल्लीत शिरले तेव्हा सगळं गप्प होतं. एकाही घरातनं मागाची खडखड येत नव्हती. आमच्या दाराची कडी जशीच्या तशी होती. पण उंबऱ्याखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला होता आणि फरशीवर वाळत चालला होता.

कडी काढली. आधी तो वास आला. मग श्रावणी दिसली. माळ्याच्या लोखंडी खांबाला साडीनं बांधलेली. काखेखालून दोन वेढे, पाठीमागं गाठ. छातीपर्यंत चिंब भिजलेली, वरची कोरडी. चौफेर भिंतींवर तेवढ्याच उंचीला ओलीची सरळ रेघ.

अत्तम्मा खाटेवरून खाली पडलेल्या होत्या. अंग गार. केसांत वाळू.

गाठ मला सुटेना. दातांनी ओढली तर तोंड खारट झालं. जाड सुताची, लाल काठाची साडी. आमच्या घरात अशी साडी कधीच नव्हती.

"कुणी बांधलं गं तुला?"

"त्या बाईनं." पोरीचे दात वाजत होते, त्या उन्हात. "ती नानम्माला बांधायला आली होती. नानम्मा म्हणाली, अम्मा, मला नको... पोरीला बांध."

"कुठली बाई?"

"तिच्या अंगावर काहीच नव्हतं, आई. मग पाणी आलं."

डॉक्टर आले, उन्हाचा झटका म्हणाले. श्रीशैलनं भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. कुणाला काय सांगणार? रात्रभर मी श्रावणीला कुशीत घेऊन बसले. अत्तम्मांसाठी मी तेव्हा पहिल्यांदा रडले. दोन वर्षं ज्या बाईचा मला भार वाटत होता, तिनं स्वतःचं कापड माझ्या लेकीला दिलं होतं.

साडी त्यांच्याबरोबरच जाळली. जळता जळेना.

आता सगळं ठीक आहे. पोर शाळेत जाते, मी मशीनवर बसते. घर बदलू म्हणतो, पण जायचं कुठं?

फक्त एक आहे. गल्लीतली कुत्री हल्ली दुपार कलली की जिने चढून गच्च्यांवर जातात. भुंकत नाहीत. पूर्वेकडं, अत्तम्मांच्या समुद्राकडं तोंड करून नुसती बसून राहतात, अंधार पडेपर्यंत.

परवापासून मांजरंही जायला लागलीत.