बोरीच्या काट्यावरचा हरभरा

तिजेचा सण म्हणजे मानोऱ्याजवळच्या त्या बंजारा तांड्यात पोरींचं राज्य. बोरीच्या काटेरी फांदीवर पोरींनी भिजवलेले हरभरे टोचायचे आणि पोरांनी ती फांदी गदागदा हलवायची, अशी रीत. त्या दिवशी निताची फांदी एक अनोळखी पोरगा हलवत होता. उंच, सावळा आणि मेला हसरा! बाकीच्या पोरींचे हरभरे ओल्या मातीत सांडले. निताचा मात्र एकेक दाणा काट्यावर नीट बसत गेला.

"हात थरथर कापत नाई काय तुया?" त्यानं विचारलं.

"तुया दुखला असन तं सोड फांदी," ती खाली मान घालूनच म्हणाली. मान वर केली असती तर हसू आलं असतं ना...

तो बादल. मेडशीकडचा, तांड्यातल्या धनीबाईच्या बहिणीचा मुलगा, मावशीकडे सणाला आलेला. इथवर ठीक होतं. पण तो बंगळुरूच्या कुठल्या कॉलेजात शिकतो ते कळलं आणि निताने कान टवकारले. हजारो पोरं अर्ज करतात नि मूठभर घेतात, असं ते कॉलेज. शेवटच्या फेरीत निताचं नाव होतं आणि दोन दिवसांनी फोनवर मुलाखत होती.

संध्याकाळी ती धनीबाईच्या ओट्यावर हजर. तिथं नेमकं बघतात तरी काय, हे तिला हवं होतं. बादलनं सांगितलं, मार्क दारापर्यंत नेतात, पण दारात उभे असतात ते सगळेच मार्कवाले. मग होतं-नव्हतं त्यातून तू काय केलंस ते बघतात, बोलणं तुझं आहे की पाठ केलेलं ते बघतात. थोडं नशीबही लागतं, ते कुणाला चुकलंय?

निताने आपली तयारी घडाघडा म्हणून दाखवली. नेतृत्वगुण, समाजसेवा, बुद्धिबळाची आवड... बादलनं चक्क जांभई दिली.

"हे कोन बोलून राह्यलं?"

निता भडकली. "मंग काय सांगू? मायबाप ऊस तोडाले जातात थे? मले कीव करून देल्लेली सीट नाई पाह्यजे."

"तुले वाटन थे सांग, पन तुयं सांग." त्यानं तिच्या हाताकडे बोट दाखवलं. "मी फांदी हलवून हलवून थकलो, तुया हात हलला नाई. मी तं तवाच तुले घेतलं असतं..."

निताने चमकून मान वर केली.

"कॉलेजात म्हन्तो मी," तो गोरामोरा होत म्हणाला.

रेंज फक्त धनीबाईच्या स्लॅबवर यायची. मुलाखतीच्या वेळी बादल खाली अंगणात बकऱ्या हाकलत बसला. तुला असं काय जमतं जे दुसऱ्याला जमत नाही, असं मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं आणि पाठ केलेलं सगळं भुर्रकन उडालं. निताने हिंदीत बोरीची फांदीच सांगितली. फांदी हलते तेव्हा हात मागे घ्यायचा नाही. काटा परत जागेवर येतो, तेव्हा टोचायचं. ऊसतोडीला गेलं की शाळा बुडायची, तेव्हाही तिनं हेच केलं होतं, परतलं की सुटलेला धडा पुन्हा धरायचा. मॅडमनी आणखी काहीतरी विचारलं आणि तिच्या उत्तरावर खळखळून हसल्या. स्पीकरवरून ते हसणं तेवढं अंगणापर्यंत पोचलं. बादलनं किती विचारलं, पण निता काही सांगेना.

तो निघाला त्या सकाळी मावशीनं दिलेला फराळाचा डबा पोचवायचं निमित्त करून निता मानोऱ्याच्या स्टँडवर धावत आली. मेल वाटेतच आला होता. तिनं नुसता फोन त्याच्यापुढे धरला. निवड झाली होती! तिचे डोळे भरून आले आणि आनंद अंगात मावेना.

"आता तं सांग," बादल म्हणाला. "मॅडम काहून हसल्या होत्या?"

"त्याइनं इचारलं, फांदी हलवनाऱ्याचा राग येत नाई काय?"

"मंग?"

"मी म्हनलं... यंदा नाई आला."

कंडक्टरनं घंटी वाजवली. बादलनं डबा घ्यायला हात पुढे केला.

"हात कापून राह्यला तुया," निता म्हणाली, आणि तिनं डबा सोडलाच नाही.