तिसऱ्या मजल्यावरच्या काचा

तिसरी काच पडली ती थेट स्वयंपाकीणबाईंच्या दंडावर. सात टाके पडले. त्याच शनिवारी दुपारी सँडपायपर हाउस हॉटेलची मालकीण हॅरिएट थर्लो आयोना मेरिलच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला संध्याकाळपर्यंत सांग," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. "माझ्या काचा बसवणाऱ्या त्या पोरीचं काम कच्चं असेल तर सोमवारी ती घरी, आणि माझ्या एकशेबारा जुन्या खिडक्या भंगारात. प्लास्टिकच्या लावीन, पण माणसं मरू देणार नाही."

आयोना पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी करायची, आता स्वतःच्या नावावर करते. तिची गाडी चालवतो चेस्टर डोक. जन्मभर त्याने अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंडं पकडली. हल्ली तो मतं देतो, आणि तीही न मागता.

"प्लास्टिक कोण विकतं ते बघा," गाडी सुरू करतानाच तो म्हणाला. "तोच चोर."

हॉटेलात लिफ्ट नवी होती, न्हाणीघरं नवी होती, भिंतींत नव्या तारा गेल्या होत्या. खिडक्या मात्र पणजोबांच्या वेळच्या. त्यांच्या काचा किंचित लाटेरी, म्हणून समुद्र शांत असला तरी आतून हलताना दिसे. हॅरिएटचा जीव त्या काचांत होता.

मागच्या शेडमध्ये डीलिया फुर्तादो एक चौकट बाकावर आडवी ठेवून काम करत होती. तिशीची, न्यू बेडफर्डहून आलेली. रडून डोळे सुजले होते.

"प्रत्येक बाजूला पत्र्याच्या दोन टिकल्या ठोकते मी, काच सुटू नये म्हणून," ती म्हणाली. "वरून पुट्टी. देवाशपथ."

पडलेल्या काचेची चौकट खाली आणून तिथंच ठेवली होती. तिच्यात एकही टिकली नव्हती.

"मग गेल्या कुठं? सीगलनी खाल्ल्या?" चेस्टर म्हणाला.

आयोनाने लाकडात सुईचं टोक फिरवलं. बारीक खाचा लागल्या. मोजल्या, आठ भरल्या. मग तिने उरलेल्या पुट्टीत अंगठा दाबला. वरून कडक, आतून मळलेल्या कणकेसारखी मऊ.

"ही चौकट कधी केलीस?"

"मे महिन्यात. तीन महिने झाले. इथंच, या बाकावर. वर नेऊन बसवतात कंत्राटदार कर्टिसची माणसं. मी शिडीवर चढत नाही. दुसऱ्या पायरीवरच माझे पाय लटपटतात, सगळे हसतात मला."

आयोनाने काचेचा तुकडा उचलला. पांढरा रंग पुट्टी ओलांडून केसभर काचेवर चढला होता, अगदी सरळ.

"रंग काचेवर का?"

"तसा चढवावाच लागतो. नाहीतर फटीतून पाणी शिरून पुट्टी सुटते."

"ही रेघ तुझीच?"

डीलियाने तुकडा उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. "इथल्या खिडक्यांचं काम सगळं माझंच आहे," असं पुटपुटून तिने तो खाली ठेवला.

कंत्राटदार कर्टिस ब्लेन बारमध्ये भेटला. "माझं ऐकलं असतं तर आठवड्यात प्लास्टिक बसलं असतं," तो खुशीत म्हणाला. शेजारच्या दाराची काच त्यानेच बसवली होती. तिच्या कडेला पुट्टीचे लपके आणि रंगाचे फराटे होते.

"हे असं?" आयोनाने विचारलं.

"अहो बाई, पुट्टी ती पुट्टी. थापली की झालं."

हॅरिएटची भाची पॉला हॉटेलची व्यवस्था बघते. तिने काही लपवलंच नाही. "मी सख्खी भाची. पण शनिवारच्या पंगतीला आत्याच्या उजव्या हाताला कोण बसतं? काचवाली! जूनमध्ये तर आत्या सगळ्यांदेखत तिला म्हणाली, 'माझ्या जन्मात या खिडक्या इतक्या छान दिसल्या नव्हत्या.' मला तो घास गिळवेना."

"त्या खुर्चीत आधी कोण बसायचं?"

"वेंडेल. रंगारी. अडतीस वर्षं."

वेंडेल प्रॅट तिसऱ्या मजल्याशी शिडीवर उभा राहून खिडक्यांच्या बाहेरच्या झडपा रंगवत होता. हाक मारल्यावर सावकाश उतरला. "मी बांधलं, जपलं, आणि आयत्या बिळावर नागोबा आला," तो हसत म्हणाला. पण डोळे हसले नाहीत. "मार्चपासून काचांना हात लावलेला नाही मी. झडपा रंगव म्हणाले, झडपा रंगवतो."

साडेपाचला पंगत बसली. मडक्यात शिजलेला गोडसर घेवडा, ब्राउन ब्रेड, आणि एकमेकांकडे न बघणारी माणसं.

"कर्टिसच ना?" चेस्टर आयोनाच्या कानाशी लागला.

"कर्टिसला जमलंच नसतं ते," आयोना मोठ्याने म्हणाली, आणि चमचे थांबले. "लाकडात आठ खाचा आहेत, म्हणजे डीलियाने आठही टिकल्या ठोकल्या होत्या. त्या कुणीतरी उपटल्या. त्यासाठी आधी तिची पुट्टी खरवडावी लागते, मग नवी भरावी लागते. मे महिन्यातली पुट्टी आजवर आतून मऊ राहत नाही. म्हणजे हे काम ताजं आहे, चौकट वर बसल्यानंतरचं. पुट्टी असते बाहेरच्या बाजूला. तिथं पोचायला शिडी लागते, आणि डीलिया शिडी चढत नाही."

"शिडी कोणीही चढेल," पॉला म्हणाली.

"चढेल. पण जी काच पाडायची आहे, तिच्यात पाणी शिरू नये म्हणून कोण जपेल? पॉला, तू पुट्टी थापून पळाली असतीस. कर्टिसनेही तेच केलं असतं. या माणसाने वर रंग दिला, आणि केसभर काचेवर सरळ चढवला. टिकल्या काढताना त्याचा हात कचरला नाही, पण काम अर्धवट सोडून त्याला खाली उतरवेना. असा हात या हॉटेलात दोघांचा. त्यातला एक रोज शिडीवर असतो, आणि त्याच्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही."

वेंडेलने रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला.

"अडतीस वर्षं, हॅरिएटबाई," तो म्हणाला. "एकदाही तुम्ही माझ्या कामाला छान म्हणाला नाहीत. एकदाही नाही."

"वेंडेल, माणूस मेलं असतं!"

"तिची अब्रू जावी एवढंच हवं होतं मला. जळत होतो मी. अजून जळतोय."

"आणखी किती काचा?" आयोनाने विचारलं.

"चार. पूर्वेकडच्या. उद्या कुणाला खाली उभं राहू देऊ नका."

"उद्या तुम्हीही येऊ नका," हॅरिएट म्हणाली. "खिडक्या राहतील. डीलियाही राहील."

वेंडेल उठून दाराशी गेला. तेव्हा डीलिया बोलली, कुणाकडेही न बघता.

"पहिली काच पडली तेव्हाच मला कळलं होतं, ती रेघ माझी नाही. माझी इतकी सरळ येतच नाही."

"अगं, मग बोलली का नाहीस?" हॅरिएट ओरडली. "नोकरी जात होती तुझी!"

"बोलले असते तर कबूल करावं लागलं असतं, की इथं कुणाचा तरी हात माझ्यापेक्षा चांगला आहे." तिने मान वर केली. "वेंडेलकाका, जायच्या आधी एकदा दाखवाल? तो कुंचला कसा धरता ते?"

वेंडेल दारात थांबला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा विरघळला.

"नाही," तो म्हणाला, आणि दार लोटून निघून गेला.