गुरुवारची सुट्टी

सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जागाच नव्हती, म्हणून स्वरूपा डबा घेऊन एका अनोळखी मुलासमोर बसली. तो कागदावर एका अ‍ॅपचा आराखडा काढत होता. चाकणच्या कारखान्यातल्या कामगारांना मोबाईलवरच आपसात शिफ्ट बदलता यावी, म्हणून. तिला राहवलं नाही.

"हे गुरुवारी फसणार."

"गुरुवारीच का?"

"तुम्ही सुट्टी रविवारची धरलीय. तिकडे ती गुरुवारी असते. आमच्या चिखलीत घरोघरी कारखान्यातलेच, बारसंसुद्धा गुरुवार बघून करतात!"

तो हसला... आणि स्वरूपाचा घास हातातच राहिला. "मी धनेश, सांगलीचा. तुम्ही?"

"स्वरूपा. नवी टेस्टर. अ‍ॅपमधल्या चुका शोधणारी."

दुपारी मीटिंगमध्ये टीमचे प्रमुख निरंजन सर म्हणाले, "आधी बनवा, चुका मग शोधू."

म्हणजे आधी कळस, मग पाया! स्वरूपाची नोकरी अजून कच्ची होती, पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. "सर, काय काय तपासायचं ते आधी ठरवू, मग बांधू."

"त्यात वेळ गेला आणि काम हातचं गेलं तर?"

"तर मला काढून टाका."

तेवढ्यात धनेश म्हणाला, "सर, हिचे प्रश्न संपेपर्यंत मी एक ओळही लिहिणार नाही."

सरांनी नाइलाजाने होकार दिला. मग ऑफिसजवळच्या माण गावातल्या टपरीवर रोज चहा आणि रोज नव्या शंका.

"बुधवारची रात्रपाळी गुरुवारी पहाटे संपते. मग ती सुट्टीत धरायची का?" तिने विचारलं.

"नाही, बुधवारचीच. आणि शिफ्ट बदलून घेतलेला आलाच नाही तर?"

"सुपरवायझरला लगेच निरोप."

"आणि मला रोज तुझ्याबरोबरच चहा प्यावासा वाटला तर?"

"तर..." ती लाजली. "बिस्किटं तुझ्याकडून."

अ‍ॅप तयार झालं. चाकणला, काम कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या कारखान्याच्या सोपानरावांनी मोबाईल हातात घेतला आणि नेमकी बुधवारची रात्रपाळीच बदलायला टाकली. स्वरूपाचा जीव टांगणीला. पाळी बुधवारच्याच नावावर बदलली. मग त्यांनी गुरुवार दाबला, तर मोबाईल म्हणाला, गुरुवारी सुट्टी.

"व्हय, बरोबर हाय!" सोपानराव खूश झाले. "आमच्यातल्याच कुणाचं तरी डोकं हाय ह्यात. काम तुमचं!"

निरंजन सरांनी तिथल्या तिथे तिची नोकरी पक्की केली.

गेटबाहेर धनेश अडखळला. "स्वरूपा... एक बोलायचंय. याची तयारी मात्र काहीच केली नाही."

"बोल ना."

"तू मला फार आवडतेस."

"मलाही तू... कधीचा!"

शिफ्ट सुटली होती, गेटवर ही गर्दी. तिने इकडे पाहिलं ना तिकडे, सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला.