एकोणीस श्वास

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट मी हे लिहिलंय असं ताईला कळलं, तर माझी खैर नाही.

पण हे घडलंय. मागच्या वर्षी, एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, एका स्टुडिओच्या तळघरात. त्यातलं अर्धं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझी थोरली बहीण जुन्या सिनेमांचा आवाज साफ करते. टेपमधली खरखर, कुणाचे खोकले, खुर्च्यांची करकर काढून टाकायची, हे तिचं काम. स्वभावाने रोखठोक. भूत समोर आलं तरी 'आधी माइकपासून लांब हो' म्हणेल, अशी.

तिच्याकडे एक गाजलेला सिनेमा आला होता. तुम्ही पाहिलेला असणार. नाव सांगत नाही, कारण मुद्दाम प्रयोग करून बघणारे कमी नाहीत. त्याच्या शेवटी नायिका रिकाम्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते, एक शब्द बोलत नाही, आणि मागे ऑपेरातलं गाणं वाजतं. आरिया म्हणतात त्याला, एकट्यानेच गायचं; हे एका बाईने गायलेलं. भाषा कुणाला ओ की ठो कळत नाही, तरी सगळं थिएटर रडतं.

ते गाणाऱ्या बाई तेव्हा खूप आजारी होत्या. फुप्फुसं निकामी होत चाललेली. रेकॉर्डिंगनंतर नवव्या दिवशी त्या वारल्या. म्हणून त्या गाण्यात त्यांचे श्वास फार मोठ्याने ऐकू यायचे.

निर्माता म्हणाला, "नव्या स्पीकरवर धाप लागल्यासारखं वाटतं हो. काढून टाका."

ताई ज्यांच्या हाताखाली शिकली ते स्टुडिओतले म्हातारे मास्तर म्हणाले, "आवाज कमी कर त्यांचा. पण कापू नकोस."

"का हो मास्तर?"

"गाणाऱ्याचा श्वास आहे तो. खरखर नव्हे."

ताईला घाई होती. तिने कापले. एकूण एकोणीस. आणि मग तिने जी चूक केली, ती या धंद्यात शिकाऊ माणूसही करत नाही... मूळ फाइल बाजूला न ठेवता तिच्यावरच नवी सेव्ह केली. जुनी टेप तर ती फाइल बनवताना एकदाच वाजली आणि तिचा भुगा झाला होता.

सिनेमाच्या जुन्या प्रिंटही कधीच खराब झालेल्या. म्हणजे ते श्वास जगात कुठेच उरले नाहीत.

तिने गाणं लावून पाहिलं. पहिली ओळ संपली. जिथे श्वास होता, तिथे आता शांतता...

आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेतला.

एसी असेल, असं ताईला वाटलं. तिने एसी बंद केला. दुसरी ओळ संपली...

पुन्हा. आता जरा जवळून.

तिने हेडफोन काढून स्पीकर लावला. खोलीला एकच दार, ते तिच्यासमोर. मागे नुसती भिंत. गाणं चालू राहिलं आणि प्रत्येक कापलेल्या जागी, बरोबर तिथेच, भिंतीकडून श्वास येत गेला. ताईने मोजले. सवयच तिची. अठरा झाले.

एकोणिसावा आत घेतलेला ऐकू आला... सोडलेला नाही.

ताई सगळं बंद करून तडक घरी आली.

घरी मी होतोच, भाचीला सांभाळत. सहा वर्षांची आहे. एका जागी टिकत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. त्या दिवशी मात्र ती टेबलाशी शांत बसून चित्र रंगवत होती. गुणगुणत.

ताई दारातच थांबली.

"हे तिला कुणी शिकवलं?"

"मला काय माहीत? आत्ताच सुरू केलंय बघ."

मग माझ्या लक्षात आलं. पोरगी थांबतच नव्हती. एक ओळ, दुसरी, तिसरी... मध्ये श्वासच नाही. छाती हलत नव्हती. ओठ आधी फिके झाले, मग निळे. हातातली पेन्सिल गळून पडली तरी सूर चालूच.

ताईने तिला गदागदा हलवलं, पाठीत धपाटा घातला. तेव्हा कुठे ती धापा टाकत रडायला लागली.

"अगं, श्वास का घेत नव्हतीस?"

"मध्ये जागाच नाहीये, आई."

ताईने तिला उचललं. "स्टुडिओत चल. आत्ता."

गाडी मी चालवली. मागे ताई, मांडीवर भिंगरी, कानाला फोन. वाटेत पोरगी पुन्हा गायला लागली. ताईने तिचे ओठ मिटून धरले... सूर तसाच येत राहिला.

मास्तर फोनवर म्हणाले, "मूळ फाइल?"

"नाही उरली," ताई म्हणाली.

"मग त्या जागा भर. स्वतःचे श्वास घाल. पण रिकाम्या ठेवू नकोस."

स्टुडिओत पोहोचलो तेव्हा भिंगरीचं गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं होतं. आता हलवूनही थांबत नव्हतं. ताईने माइकसमोर भराभर एकोणीस श्वास घेतले आणि एकेक जागी बसवू लागली. मी भिंगरीला कवटाळून नुसतं "ताई, लवकर... ताई, लवकर" करत होतो.

पहिला बसला. भिंगरीने श्वास घेतला.

दुसरा बसला. तिने पुन्हा घेतला.

एकोणिसावा बसला, तशी पोरगी म्हणाली, "मामा, भूक लागली."

सिनेमा पुन्हा लागला आणि चांगला चालला. भिंगरी ठणठणीत आहे. ते गाणं तिला आठवतसुद्धा नाही.

पण ताई...

जेवताना, फोनवर बोलताना ती अचानक थांबते. आणि श्वास घेऊ लागते, त्या बाईंसारखे, ओढून ओढून. एकोणीस. मग बोलणं जिथे तुटलं तिथून पुढे सुरू. सिनेमा आता घरोघरी मोबाइलवर आहे, त्यामुळे याला वेळकाळ राहिलेला नाही. मास्तरांना विचारलं, तर ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

परवा ती माझ्यासमोर बसली होती. सातवा श्वास आत घेतला... आणि सोडलाच नाही. डोळे माझ्यावर रोखलेले, ओठ निळे पडत चाललेले. मी हलवलं, ओरडलो. एक मिनिट. दीड मिनिट.

मग सुटला.

कुणीतरी मध्येच पाणी प्यायला उठलं असेल.

म्हणून एवढंच सांगतो. सिनेमे बघा, खुशाल बघा. पण असं परक्या भाषेतलं, एकट्या बाईने गायलेलं गाणं लागलं, तर ते शेवटपर्यंत चालू द्या. मध्ये थांबवू नका. माझी सख्खी बहीण आहे हो ती.